पंधरावा नंबर

(दृश्य : राजर्षी शाहू स्टेडियम, दुपारचा सामना. पायऱ्या भरलेल्या, पेठापेठांचे झेंडे.)

कोल्हापुरात संघ निवडावा लागत नाही. शिवाजी पेठेतला पोरगा खंडोबाचा, नाहीतर शिवाजी तरुण मंडळाचा. मंगळवार पेठेतला पाटाकडीलचा, नाहीतर बालगोपालचा. तालमीत गणपती बसतो, तालमीत कुस्ती चालते, आणि त्याच तालमीच्या नावानं अकरा पोरं फुटबॉल खेळायला या मैदानावर उतरतात. संघ हरला की गोलकीपर दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात भेटतो. गोल कसा खाल्लास, हे त्याला तोंडावर विचारता येतं.

इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड हा क्लब मात्र आम्ही स्वतः निवडला. तो टीव्हीवर दिसला म्हणून. प्रशिक्षक फर्ग्युसनच्या हाताखाली रूनी आणि रोनाल्डो एकत्र खेळायचे, तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो. २००८ साली चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मॉस्कोच्या पावसात आमचा गोलकीपर व्हॅन डर सारनं चेल्सीच्या अनेल्काची पेनल्टी अडवली आणि आमच्यातल्या कितीतरी जणांचा संघ त्या रात्री कायमचा ठरला. ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, जायला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, आजही ते सोपं नाही. पण शनिवारी संध्याकाळी आधी शाहू स्टेडियम आणि रात्री ओल्ड ट्रॅफर्ड, हा आमचा हिशेब ठरून गेला.

त्या संघाच्या २०२४-२५ च्या हंगामाबद्दल मला बोलायचंय.

(दृश्य : मिरजकर तिकटी, रात्र. दुकानं बंद होताहेत.)

३८ सामने. ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव. ४२ गुण आणि प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, वीस संघांत पंधरावा नंबर. १९७३-७४ मध्ये हा क्लब पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरला होता. त्यानंतर इतक्या खाली तो कधीच नव्हता. शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. त्या तीन जागा लेस्टर, इप्स्विच आणि साउदॅम्प्टन यांनी लवकरच भरल्या, म्हणून खाली जायची वेळ आली नाही. लेस्टरला २५ गुण होते. दुसऱ्या एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये आमची झोप उडाली असती.

मला सगळ्यात जास्त लागले ते घरचे पराभव. ओल्ड ट्रॅफर्डवर लीगचे नऊ सामने गेले. लिव्हरपूलनं तीन गोल घातले, टॉटनहॅमनं तीन, बोर्नमथनं तीन. फॉरेस्ट येऊन जिंकून गेलं. न्यूकॅसल, ब्रायटन, क्रिस्टल पॅलेस, वुल्व्ज, वेस्ट हॅम, सगळे जिंकून गेले. आमच्याकडं बाहेरचा संघ शाहू स्टेडियमवर आला की पायऱ्यांवरच्या आवाजानंच त्याचा निम्मा जोर जातो. ओल्ड ट्रॅफर्डला तसा धाक होता. या हंगामात पाहुण्या संघांच्या अंगावर त्याची खूण कुठं दिसली नाही. ब्रायटनच्या सामन्यानंतर तेव्हाचा प्रशिक्षक रुबेन आमोरीम स्वतःच म्हणाला, की क्लबच्या इतिहासातला हा कदाचित सगळ्यात वाईट संघ असेल.

आमोरीमविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे.

२०२४ च्या मे महिन्यात आधीचा प्रशिक्षक एरिक टेन हागनं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, म्हणून त्याला ठेवलं. ऑक्टोबरच्या शेवटी संघ चौदाव्या नंबरावर असताना त्याला काढलं. मधला सगळा उन्हाळा, खेळाडूंची सगळी खरेदी त्याच्या पद्धतीनं झालेली. मग नोव्हेंबरात लिस्बनहून आमोरीम आला. तिथल्या स्पोर्टिंग क्लबला त्यानं दोनदा पोर्तुगालची लीग जिंकून दिलेली. त्याला हंगाम संपल्यावर यायचं होतं. आत्ता या, नाहीतर कधीच नाही, असं त्याला सांगितलं गेलं, हे त्यानंच बोलून दाखवलं.

त्याची पद्धत ३-४-३. बचावात तिघं, आणि दोन्ही कडांना एकेक खेळाडू, ज्यानं चढाईच्या वेळी विंगरसारखं धावायचं आणि चेंडू गेला की मागं येऊन पाचवा बचावपटू व्हायचं. या दोन पोरांच्या छातीत दम नसेल तर ही सगळी रचना कोसळते. युनायटेडकडं अशी जोडी नव्हती. दालोत उजव्या पायाचा, तो महिनोन्‌महिने डाव्या कडेला खेळला. मधल्या फळीत दोघंच उरायचे आणि समोरचे तीन असले की त्यांच्यामधून पास सहज निघून जायचे. पुढं हॉयलुंडनं अख्ख्या लीगमध्ये चार गोल केले, झर्कझीनं तीन. ब्रुनो फर्नांडिस आणि आमाद दियालो नसते तर हे ४२ गुणही दिसले नसते. फेब्रुवारीत आमादचा घोटा दुखावला आणि लिसान्द्रो मार्टिनेझचा गुडघा गेला. तिथून पुढं ब्रुनो एकटाच सगळीकडं धावत होता.

पद्धत चांगली आहे, मला ती आवडते. पण सराव शिबिर नाही, आठवड्याला दोन-दोन सामने, आणि दुसऱ्यासाठी घेतलेले खेळाडू. अशा वेळी नवी रचना पोरांच्या अंगवळणी पडायची कधी? आमच्या तालमीतला कुठलाही जाणता माणूस दिवाळीनंतर असा बदल करायला धजणार नाही.

(दृश्य : माडीवरची खोली, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. पोरांचे चेहरे.)

आता ती रात्र. १७ एप्रिल, आपल्याकडं मध्यरात्रीनंतरचा १८. युरोपा लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालच्या युरोपीय स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी, समोर फ्रान्सचा लिऑन. पहिला सामना २-२. ओल्ड ट्रॅफर्डवर आपण २-० नं पुढं, आणि उत्तरार्धात सहा-सात मिनिटांत २-२. लिऑनचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी जादा वेळेत त्या दहा जणांनी दोन गोल घातले. ४-२. खालच्या मजल्यावर घरची माणसं झोपलेली, म्हणून आवाज बारीक ठेवलेला. दोघंतिघं चप्पल घालायला उठले.

११४ व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी. १२० व्या मिनिटाला कोबी मेनूनं बॉक्समध्ये चेंडू थांबवला, सावकाश वळवला आणि कोपऱ्यात टाकला. बरोबरी. त्यानंतर मिनिटाभरात हॅरी मॅग्वायर, ज्याला बचावातून उचलून पुढं स्ट्रायकर म्हणून उभं केलं होतं, त्यानं डोक्यानं गोल केला. ५-४. दोन्ही सामने मिळून ७-६. रात्रीचे तीन वाजून गेले होते. खालची माणसं जागी झाली, शेजारची झाली, समोरच्या इमारतीत दिवे लागले. कुणी रागावलं नाही. मंगळवार पेठेला गोलचा ओरडा कळतो.

त्या रात्रीच्या आनंदाला मी आयुष्यभर जपेन. आणि तरीही सांगतो, त्या रात्रीनं आमचं नुकसान केलं.

कारण त्यानंतर सगळ्यांनीच लीगवर पाणी सोडलं. क्लबनं सोडलं, प्रशिक्षकानं सोडलं, आणि कट्ट्यावर बसून आम्हीही तेच म्हणू लागलो, की युरोपा जिंकली की चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळते, मग लीग कुणाला पाहिजे! १६ मार्चला लेस्टरला हरवल्यानंतर थेट शेवटच्या दिवसापर्यंत युनायटेडनं लीगचा एकही सामना जिंकला नाही. आठ सामने, सहा पराभव. तालमीचे जुने खेळाडू असलेले एक आबा आमच्यात बसतात. ते तेव्हाच म्हणाले होते, "अरं पोरानू, कप आनशीला बी. पन पंधरावा नंबर पुसायचा कशानं?"

आबांच्या बोलण्यात शाहू स्टेडियमचा अनुभव होता. आमच्याकडंही चषकांच्या सामन्यांना गर्दी उसळते, बक्षिसं मोठी, फटाके, मिरवणूक. पण केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये सगळ्यांशी खेळावं लागतं. तिथं एका रात्रीची मर्दुमकी चालत नाही. बावीस पोरांची तयारी, राखीव खेळाडूची लायकी, कोण कंटाळलंय आणि कोण अजून धावतंय, सगळं लीगच्या गुणतक्त्यात उतरतं.

(दृश्य : पहाटेचा रस्ता. सातच्या पाळीला निघालेल्या दुचाक्या.)

२१ मे. युरोपा लीगचा अंतिम सामना स्पेनमध्ये, बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर. त्याच मैदानात तीनच आठवड्यांपूर्वी आपण तिथल्याच अॅथलेटिक संघाला ३-० नं हरवलेलं. अंतिम फेरीपर्यंत युरोपात एकही पराभव नव्हता. समोर टॉटनहॅम, लीगमध्ये सतरावा, आपल्याही खाली. त्या हंगामात त्यांनी आपल्याला आधीच तीनदा हरवलेलं.

४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनच्या पायाला आणि ल्यूक शॉच्या अंगाला लागून चेंडू जाळीत गेला. त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. हॉयलुंडचं हेड गोलरेषेवरून व्हॅन डे वेननं हवेत उडी घेऊन पायानं बाहेर काढलं. आपले सोळा फटके, त्यांचे तीन. १-० नं ते जिंकले. चौथ्यांदा.

माडीवर कुणी कुणाशी बोललं नाही. शिरोली एमआयडीसीत पाळी असलेले दोघं तसेच उठून गेले. चषक गेला, चॅम्पियन्स लीग गेली, युरोपातली कुठलीच स्पर्धा राहिली नाही, आणि तक्त्यावरचा नंबर तसाच राहिला.

मैदानाबाहेरचंही बोललं पाहिजे, कारण तालमीच्या माणसाला ते आधी दिसतं. २०२४ मध्ये क्लबनं सुमारे अडीचशे कर्मचारी कमी केले. २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी दीडशे ते दोनशे जणांना काढणार असं जाहीर केलं. हंगाम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. त्या नातवाला पुढं कुणी संघ विचारत नाही. मँचेस्टरच्या आजोबांना नातवाला न्यायचं असेल तर दोघांचे १३२ पौंड. जर्सी धुणारी, जेवण वाढणारी, दरवाजावर उभी राहणारी माणसं कमी करून वाचवलेला पैसा खेळात कुठं दिसला, हे मला सांगावं कुणीतरी.

(दृश्य : पावसात भिजलेला चौक. टीव्हीच्या दुकानाबाहेर चार-पाच जण.)

२५ मे, रविवार, शेवटचा सामना. अॅस्टन व्हिलाला २-० नं हरवलं. आमादचा गोल, एरिक्सनची पेनल्टी. सामना संपल्यावर आमोरीम मैदानाच्या मधोमध माईक घेऊन उभा राहिला. या हंगामाबद्दल त्यानं लोकांची माफी मागितली आणि चांगले दिवस येतील म्हणाला. लोक थांबले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

२०२५ च्या ऑगस्टपासून युरोपच्या रात्री नव्हत्या. विमानप्रवास नाही, गुरुवारचे सामने नाहीत. आठवडाभर सराव आणि शनिवारी किंवा रविवारी लीगचा सामना. आमोरीमला जो वेळ मिळाला नव्हता, तो आता मिळेल, असं मला तेव्हा वाटलं. मला त्या वर्षी चषक नको होता. वुल्व्ज ओल्ड ट्रॅफर्डवर आले की हरून गेले पाहिजे होते. वेस्ट हॅम आले की हरून गेले पाहिजे होते. ब्रायटन, पॅलेस, बोर्नमथ, सगळे. एवढं झालं तर आबांना मी स्वतः जाऊन तक्ता वाचून दाखवणार होतो.