घाटमाथ्याच्या कडेकडेनं

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की भाचरंडं विचारायला लागतात, "मावशी, यंदा कुठं जाऊ?" त्यांना मी जे सांगते तेच आज तुम्हाला सांगणार आहे. जुन्नरला जा. तिथून एसटी नाहीतर जीप धरून घाटघरला उतरा आणि पुढं पायी निघा. नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंत, सह्याद्रीच्या ऐन कडेनं. डावीकडं देशावरची भातखाचरं, उजवीकडं खाली कोकण, आणि मधून तुमची पायवाट.

सराईत ट्रेकर ही वाट दोन-तीन दिवसांत उरकतात. माझं म्हणणं, चार दिवस घ्या, जमलं तर पाच. आपल्याकडं डोंगरात जायचं म्हणजे गड चढायचा, माथ्यावर फोटो काढायचा आणि संध्याकाळपर्यंत परत फिरायचं अशी सवय पडून गेली आहे. गडांवर माझंही प्रेम आहे. पण या गावातून त्या गावात चालत जाणं, रात्री कुणाच्या पडवीत अंथरूण टाकणं आणि सकाळी पुन्हा वाटेला लागणं, यात डोंगर जसा कळतो तसा एका दिवसाच्या धावपळीत कळत नाही. हे मी तीस वर्षांच्या चालण्यातून सांगते आहे.

नाणेघाटाला सकाळीच पोचा. कल्याण, सोपारा या बंदरांतून माल चढायचा तो याच घाटानं, आणि जुन्नरवरून पुढं पैठणला जायचा. वाटेवरच्या गुहेत दोन्ही बाजूंच्या भिंती भरून ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, दोन हजार वर्षांहून जुना. किती यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली, याची त्यात मोजदाद आहे. आपल्या देशातले फार जुने कोरलेले आकडे बघायचे असतील तर ते इथं आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती राहिल्या नाहीत, पण वर कोरलेली नावं आहेत. त्या नावांखालची मोकळी भिंत पाहताना दर वेळी माझा जीव हलतो. बाहेर घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं गावातले लोक सांगतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना रांजणात डोकावू द्या आणि हाताखालचा तो गुळगुळीत काठ लागू द्या.

मग थोडं वर, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर. समोरची जमीन एकदम संपते, आणि दोन हजार फुटांहून खाली मुरबाडकडचा मुलूख पसरलेला असतो. इथं कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, पालथं पडून बघा. वारा खालून वर येतो आणि तो फार जोराचा असतो.

जवळच्या जीवधन किल्ल्याला एक सकाळ द्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पण त्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून फोडल्या, त्यामुळं मध्ये हातपाय लावून चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर गड सोडून द्या, खालच्या रानातून वाट आहेच. गडाला लागून उभा असलेला वानरलिंगी सुळका, सुमारे साडेतीनशे फुटांचा, खालूनही सुंदर दिसतो.

त्यापुढं वाट आंबोलीकडं जाते. सावंतवाडीजवळची आंबोली वेगळी, ही जुन्नरची. दिवाळीच्या सुमारास इथं भातकापणी चाललेली असते. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना पिवळं भात नाहीतर नुकतंच कापलेलं रान. कापलेल्या रानातून जाऊ नका, धसकटं बुटाच्या तळव्यातूनही टोचतात. एका खळ्यावर आम्ही अर्धा तास बसलो होतो. एक आजी भाताची पेंढी दोन्ही हातांनी उचलायच्या आणि आडव्या ठेवलेल्या लाकडावर झोडायच्या. तीनदा झोडलं की पेंढी झटकून मागं टाकायची, नवी उचलायची. दाणे उडून आमच्या मांडीवर पडत होते. मी एक दाणा सोलून तोंडात टाकला. ओलसर होता, गोडसर, दुधाची चव असलेला. आजींनी हात न थांबवता विचारलं, "एवढं चालत कुठं निघालाय गं?" म्हटलं, भीमाशंकरला. त्या म्हणाल्या, "मग भाकर खाऊन जावा." नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, आम्ही ते नातवाच्या हातात ठेवले.

हे जरा थांबून सांगते, कारण महत्त्वाचं आहे. या भागात बहुतेक महादेव कोळी समाजाची वस्ती. शेती पावसावरची, पीक भाताचं आणि नाचणी-वरईचं. दुसरा आधार हिरड्याचा. मी एकदा वैशाखात गेले होते तेव्हा घराघरांपुढं कोवळा हिरडा वाळत घातलेला होता. ताजा हिरवा असतो, उन्हात सुकून काळा पडतो, आणि हाच बाळहिरडा औषधांसाठी विकला जातो. अशा घरी चार माणसं मुक्कामाला आली, जेवली आणि योग्य पैसे देऊन गेली तर त्या घराला खरोखर हातभार लागतो. म्हणून शहरातून पाकिटं भरून नेऊ नका. आदल्या दिवशी निरोप द्या, गावातच जेवा, आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस बरोबर घ्या.

वाटाड्या का, तर ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी जुलैत याच वाटेवरच्या ढाकोबा डोंगराकडं निघालो. वाट माहीत आहे असा आमचा समज. तासाभरात धुकं असं उतरलं की पुढं चालणारीची पाठही दिसेना. वाट फुटली, आम्ही उजवीकडं वळलो. थोड्या वेळानं गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि मागून एक पोरगा जिवाच्या आकांतानं ओरडला, "तिकडं जाऊ नका, कडा हाये!" आम्ही जागच्या जागी खाली बसलो. वाऱ्यानं धुकं क्षणभर फाटलं तेव्हा कड्याची कडा आमच्यापासून दहा-बारा पावलांवर होती. त्या पोराच्या अंगावर इरलं होतं, वय असेल बारा-तेरा. त्यानं आम्हाला वस्तीपर्यंत आणून सोडलं. तेव्हापासून भर पावसात मी ही वाट कुणालाही सुचवत नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. मार्चनंतर ऊन आणि पाण्याची ओढ. पाणी मात्र थंडीतही प्रत्येक गावातून भरून निघा, माणशी निदान तीन लिटर.

ढाकोबाचा माथा या वाटेवर सगळ्यांत उंच. तिथून उत्तरेला जीवधन आणि नाणेघाट दिसतात, म्हणजे आदल्या दिवशीची आपलीच वाट नजरेसमोर येते. पायी चालणाऱ्याला यासारखं सुख नाही. रानात ढाकोबाचं देऊळ आहे, तिथं सावलीत दुपार काढा. पुढं दुर्गवाडी. गावाजवळ दुर्ग नावाचा छोटासा किल्ला आणि झाडीत दुर्गादेवीचं ठाणं. इथूनही कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा आहेत. बाजारहाटासाठी, सोयरिकीसाठी माणसं त्या वाटांनी वरखाली करत आली आहेत.

सगळ्यात जास्त वेळ आहुप्याला द्या. गावाच्या कड्यावरून खाली गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगड दिसतात. सूर्य मावळताना त्यांच्या सावल्या लांबतात आणि शेवटी एकमेकींत मिसळतात. पण मला आहुपं आवडतं ते तिथल्या देवराईसाठी. देवाच्या नावानं राखलेलं रान. त्यातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा रिवाज. बाहेरून आत पाऊल टाकलं की ऊन तुटतं. वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, खाली पाचोळ्याचा इतका थर की पाऊल वाजत नाही, रुततं. मी एकदा तो पाचोळा दोन बोटांनी बाजूला केला. वरची पानं कोरडी, त्याखालची ओली, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी, आणि सगळ्यांत खाली काळी भुसभुशीत माती, थंडगार. घोड नदीचा उगम याच भागातला. पाऊस कुठं मुरतो आणि नदीला पाणी कुठून येतं, हे पुस्तकात वाचलेलं त्या चार बोटं खोलीत दिसलं. तिथं चपला काढून जा, मोठ्यानं बोलू नका, काही उचलू नका.

शेवटचा टप्पा आहुप्याहून कोंढवळमार्गे भीमाशंकर. दाट जंगल. १९८५ पासून हे अभयारण्य आहे, आणि ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, तपकिरी-तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती खाली जमिनीवर शोधू नका. थांबा, मान वर करा, दोन झाडांच्या शेंड्यांमध्ये उडी पडली की फांदी हलते, ती बघा. तिचं घरटं काटक्यापानांचं, मोठ्या चेंडूसारखं, उंच दुबेळक्यात असतं. अभयारण्यातून जाताना वनखात्याच्या नियमांची आधी चौकशी करा, आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

भीमाशंकरला पोचलात की देवळासमोर मोठी घंटा दिसेल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज घंटा. दर्शन घ्या, मग स्टँडवर या. तिथून मंचर, राजगुरुनगरमार्गे पुण्याला गाड्या आहेत. आमच्या पहिल्या फेरीत गाडीला तासभर अवकाश होता. तिघींनी बूट काढून पाय उन्हात पसरले, आणि मैत्रिणीच्या मोज्यातून दोन भाताचे दाणे पडले. ते आजींच्या खळ्यावरचे होते.

नमस्कार.