शातो दोच्या वेण्या

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मेतकूट, लोणचं, छोटा कुकर, आणि तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली खोबरेल तेलाची बाटली. 2018 च्या सप्टेंबरात मी एका सत्रासाठी पॅरिसला गेले, तेव्हा माझ्याही बॅगेत ती बाटली होती. माझ्या केसांचं तेवढ्यावर भागलं. माझ्या रूममेटचं भागलं नाही. आज मला तिच्या केसांविषयी बोलायचं आहे.

ती अमेरिकेतली, अटलांटाची. कृष्णवर्णीय. माझ्यासारखीच एका सत्रासाठी आलेली. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "तू केस आठवड्यातून एकदाच धुतेस?" माझ्या आवाजात काय होतं ते तिला कळलं. आजही तो प्रश्न आठवला की मला वाईट वाटतं. तिनं मात्र मला शांतपणे समजावून सांगितलं. टाळूला सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. तिचा केस मुळापासूनच स्प्रिंगसारखा वळत बाहेर येतो. त्याचा छेदही गोल नसतो, चपटा असतो. प्रत्येक वळणावर ते तेल अडतं, टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून केस कोरडा राहतो आणि वळणावर तुटतो. अशा केसांना रोज शांपू लावला तर उरलंसुरलं तेलही जातं. वेण्या घातल्या की सहा-आठ आठवडे केस आत सुखरूप राहतात. रोज कंगवा नको, गुंता नको, थंडीच्या कोरड्या वाऱ्याची भीती नको. नटण्याची हौस त्यात आहेच, आणि का नसावी? पण मुळात ती निगा आहे.

घरी हे काम तिची आई करायची. रविवारी दुपारी आई सोफ्यावर आणि ही खाली जमिनीवर, आईच्या दोन गुडघ्यांच्या मधे. जरा मान हलली की कंगव्याचा हलका फटका. मी म्हटलं, थांब, पुढचं मी सांगते, "मान सरळ धर." ती हसायला लागली. माझी आजी आणि तिची आई, दोघींचं वाक्य एकच.

ऑक्टोबर उजाडला तशा आईनं निघताना घालून दिलेल्या वेण्या मुळाशी सैल पडल्या. आता कुठे जायचं? विद्यापीठानं दिलेल्या माहितीपुस्तिकेत बँकेचं खातं होतं, विमा होता, मेट्रोचा पास होता. केसांबद्दल अक्षर नव्हतं. आम्ही घराजवळच्या एका सलूनमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडे असे केस करत नाहीत." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. पण 'असे केस' समजण्यापुरतं फ्रेंच तिलाही येत होतं. परत येताना ती एक शब्द बोलली नाही.

मला त्या बाईंचा राग आला होता. नंतर कळलं की दोष एकट्या त्यांचा नव्हता. फ्रान्समध्ये केशकर्तनाचा रीतसर सरकारी अभ्यासक्रम आहे, त्याला सीएपी म्हणतात. त्यात अशा केसांचं काम शिकणं वर्षानुवर्षं सक्तीचं नव्हतं. म्हणजे प्रमाणपत्र भिंतीवर, आणि देशातल्या कितीतरी बायकांचे केस अभ्यासक्रमाच्या बाहेर.

मग वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं, शातो दो या मेट्रो स्टेशनला जा. चार नंबरची लाइन, पॅरिसचा दहावा विभाग. मी चकित झाले, कारण तो भाग माझ्या पायाखालचा होता. तिथून जवळच पासाज ब्राडी आहे, काचेच्या छताची जुनी गल्ली, भारतीय आणि पाकिस्तानी दुकानांची. तूरडाळ आणि हिंग आणायला मी तिथे चारदा तरी गेले होते. बुलेव्हार द स्त्रासबुर या रस्त्यावरून गेले होते, दोन्ही बाजूंना ओळीनं आफ्रिकन सलून, आणि मला एकही दिसलं नव्हतं. ज्याची गरज नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

त्या शनिवारी दिसलं. मेट्रोचा जिना चढून वर येतो न येतो तोच चार-पाच पोरं पुढे आली, "क्वाफ्युर, मादाम? ट्रेस?" म्हणजे केस करायचेत, वेण्या घालायच्यात? गिऱ्हाइकं आपापल्या सलूनकडे ओढून नेणारी पोरं ती. माझी मैत्रीण घाबरली नाही. उलट मला दिसलं की महिन्याभरात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झालेत. त्या फुटपाथवर तिच्याकडे वळून बघणारं कोणी नव्हतं. वेण्या, विग, कापलेले केस, रंगवलेले केस, सगळं तिथे रोजचंच.

आधी दुकानातून केस घ्यायचे होते. वेणीत जोडायला लागतात ते बहुतेक कानेकॅलॉनचे, एका जपानी कंपनीचा कृत्रिम धागा. तो व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ठेवायचा, म्हणजे त्यावरचा थर निघतो आणि डोकं खाजत नाही, हे तिच्या आईचं शास्त्र. मी फळीवरची पाकिटं वाचत होते. खऱ्या केसांच्या महागड्या पाकिटांवर लिहिलं होतं, 'इंडियन'. मी ते पाकीट हातात धरून उभीच राहिले. तिरुमलाला भाविकांनी वाहिलेले केस लिलावात विकले जातात हे वाचलं होतं. आमच्या गल्लीत गुंतवळ विकत घ्यायला येणारी बाईही आठवली. कंगव्यातून निघालेले केस आई एका पिशवीत साठवायची आणि त्यावर एखादं भांडं घ्यायची. ते केस पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

सलूनमध्ये आमच्या वाट्याला आल्या त्या आयव्हरी कोस्टच्या. सगळे त्यांना 'तांती' म्हणत होते. तिकडच्या फ्रेंचमध्ये तांती म्हणजे आपली मावशी. भाव ठरला 80 युरो, वेळ सहा तास. माझं काम दुभाष्याचं. आणि पहिल्याच वाक्याला माझी विकेट पडली. माझी मैत्रीण म्हणाली, "त्यांना सांग, एजेसवर ताण नको." एजेस म्हणजे कपाळाच्या कडेची, कानाजवळची ती कोवळी लव. आपल्याकडे आई म्हणते ना, बारीक केस नीट बसव, तीच. ती सतत ओढली गेली की मुळं दुखावतात, आणि वर्षानुवर्षं घट्ट वेण्या घातल्या तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. मला फ्रेंच शब्द सुचेना. शेवटी मी स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. तांती म्हणाल्या, "कळलं गं. मलाही मुली आहेत."

मग मी बसून त्यांचे हात बघत राहिले. शेपटीच्या कंगव्यानं भांग पाडायचा, इतका सरळ की फूटपट्टी लावून काढलाय वाटावा. आडवा एक, उभा एक, की डोक्यावर एक चौकोन तयार. या चौकोनांवरूनच त्या वेणीला बॉक्स ब्रेड म्हणतात. बोटावर जेलचा ठिपका, तो मुळाशी. तीन पेड, पहिले तीन-चार विळखे फक्त तिच्याच केसांचे, मग धाग्याची एक बारीक बट हळूच आत सरकवायची, मग आणखी एक. मुळाशी गाठ नसल्यानं ओझं कमी पडतं. शेजारच्या खुर्चीवर एका लहान मुलीला डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या घालत होते. आपली सागरवेणी डोळ्यांसमोर आणा, पण करंगळीहून बारीक, आणि एकीला लागून एक अशा बारा. चौथ्या तासाला तांतींनी बोटं मोडली, अंगठ्याला मलम चोळलं आणि पुन्हा सुरुवात केली. अधूनमधून विचारायच्या, "खेचतंय?" शेवटी केटलमधलं गरम पाणी एका भांड्यात ओतलं, खांद्यांवर टॉवेल टाकला आणि वेण्यांची टोकं त्यात बुडवली. धागा उष्णतेनं बसतो, मग वेणी सुटत नाही.

बोलता बोलता त्यांनी दाराबाहेर बोट केलं आणि म्हणाल्या, "सत्तावन्न नंबर." मी नंतर त्याबद्दल वाचलं. 2014 मध्ये त्याच रस्त्यावरच्या 57 नंबरच्या सलूनमधल्या 18 कामगारांनी संप केला होता. आयव्हरी कोस्ट, नायजेरिया, चीन इथून आलेल्या बायका होत्या त्यांत. बहुतेकींकडे कागदपत्रं नाहीत, पगार थकलेला. सीजीटी या कामगार संघटनेच्या पाठिंब्यानं त्यांनी सलूनमध्येच ठाण मांडलं. पुढे त्यांना राहण्याचे परवाने मिळाले, आणि 2018 मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं सलून चालवणाऱ्याला मानवी तस्करीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. आमच्या 80 युरोंतले तांतींच्या हाती किती पडले, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. विचारायला हवं होतं. आम्ही पैसे दिले ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे.

त्या रात्री तिचं डोकं ठणकत होतं. तिनं अटलांटाला व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोन कपाळाजवळ धरायला लावून कडा तपासल्या, दोन वेण्या जास्त घट्ट आहेत म्हणाली, आणि कोमट पाण्याचा फवारा मारायला सांगितलं. मग सॅटिनची टोपी घालून झोप म्हणाली, कारण सुती उशी केसांतला ओलावा शोषून घेते.

पुढच्या आठवड्यात तिची एका ठिकाणी मुलाखत होती. ती मला विचारत होती, वेण्या चालतील ना? मी "अगं, चालतील की" म्हणून मोकळी झाले. तिचा प्रश्न किती खरा होता, ते मला उशिरा समजलं. एअर फ्रान्सच्या एका कृष्णवर्णीय पुरुष कर्मचाऱ्यानं 2005 मध्ये वेण्या बांधून अंबाडा घातला, तर त्याला विमानात चढू दिलं नाही. तो काही काळ विग घालून कामावर जात राहिला. बायकांना वेण्या चालतात तर त्याला का नाहीत, हा भेदभावच आहे, असं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते नोव्हेंबर 2022 मध्ये. सतरा वर्षांनी! अमेरिकेत केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा सर्वांत आधी कॅलिफोर्नियानं केला, जुलै 2019 मध्ये. आणि मार्च 2024 मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीनं तशाच अर्थाचं विधेयक मंजूर केलं. ते मांडलं होतं ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटाचे खासदार ऑलिव्हिए सेर्वा यांनी. माझी मैत्रीण मुलाखतीला गेली तेव्हा यातला एकही निकाल किंवा कायदा झालेला नव्हता. ती वेण्या मागे घट्ट बांधून गेली आणि आल्याबरोबर आधी त्या मोकळ्या केल्या.

मेट्रोत लोक न विचारता तिच्या वेण्यांना हात लावायचे. कौतुकानंच लावायचे. ती मान बाजूला घ्यायची. मी मधे उभी राहायला शिकले.

डिसेंबरात वेण्या सोडायची वेळ आली. सलूनमध्ये सोडवायचे वेगळे पैसे पडतात, म्हणून ती म्हणाली, तू करशील? आम्ही जमिनीवर चादर अंथरली. मी पलंगाच्या कडेला, ती खाली. फोन पुस्तकांच्या आधारानं उभा केला, पडद्यावर तिची आई, अटलांटात सकाळ. आई सांगत होती, "टोकाकडून सुरू कर. मुळाशी गेलीस की बोटांनी, कंगवा नाही." पहिली वेणी सुटायला मला दहा मिनिटं लागली. सुटलेल्या वेणीतून केसांचा एवढा पुंजका हातात आला की मी घाबरले. मला वाटलं, मी उपटले. दोघी एकदम बोलल्या, "नाही, नाही!" रोजचे पन्नास-शंभर केस कोणाचेही गळतात. तिचे आठ आठवडे आतच अडकून राहिले होते, एवढंच.

मी ते चादरीच्या कोपऱ्यात गोळा करत गेले. आपल्याकडे याला गुंतवळ म्हणतात, असं तिला सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. मग तिनं मान पुढे केली आणि पुढची वेणी माझ्या हातात दिली.