जंतूंची पकड सुटते तेव्हा

मित्रहो, मूत्रमार्गाच्या संसर्गापासून बचाव म्हणून क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचा रस पितात. या रसाने लघवी आम्लधर्मी होते आणि त्यात जंतू मरतात, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. पण माणूस एरवी जेवढा रस पितो, तेवढ्याने लघवी काही इतकी आम्लधर्मी होत नाही. १९८४ मध्ये संशोधक सोबोटा यांनी दाखवलं की या रसामुळे ई. कोलाय, म्हणजे हा संसर्ग बहुतेकदा ज्यांच्यामुळे होतो त्या जंतूंचं, पेशींना चिकटणं कमी होतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू झाली.

चिकटण्याचं एवढं काय, असं वाटेल. मूत्राशय दिवसातून अनेकदा रिकामं होतं. सुटा जंतू धारेबरोबर वाहून जातो. ज्याने पकड घेतली तो राहतो, वाढतो, आणि मग आपण म्हणतो, उन्हाळी लागली. हा जंतू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. त्याच्या अंगावर शेकडो तंतू असतात, जाडी सात नॅनोमीटरच्या आसपास. तंतूच्या टोकाचं प्रथिन आपल्या पेशीवरची ठरावीक साखरच पकडतं. काही तंतू मॅनोज धरतात, तर ‘पी’ तंतू गॅलॅक्टोजची जोडी. हे पी तंतू स्प्रिंगसारखे वळलेले असतात. धारेचा ताण आला की ते उलगडतात, लांबतात, पण तुटत नाहीत. इतक्या सूक्ष्म जीवाची ही तयारी पाहून मी दर वेळी थक्क होतो.

क्रॅनबेरीत प्रोअँथोसायनिडिन नावाची, साखळीसारखी जोडलेली संयुगं असतात. ती इतर फळांतही आहेत, पण तिथे साखळीच्या कड्यांमध्ये बहुतेक एकच बंध असतो. क्रॅनबेरीत काही ठिकाणी दुसरा, जादा बंध असतो. त्याला ‘ए’ प्रकार म्हणतात. १९९८ मध्ये संशोधक हॉवेल आणि सहकाऱ्यांनी पी तंतूंची पकड रोखणारी संयुगं हीच असल्याचं मांडलं. अणुबल सूक्ष्मदर्शक, म्हणजे अतिसूक्ष्म सुईने बल मोजणारं उपकरण, त्याची सुई जंतूला टेकवून मोजलं, तेव्हा रसाच्या संपर्कातल्या जंतूंचे तंतू दबलेले, आखडलेले आढळले आणि चिकटण्याचं बलही घटलेलं होतं.

प्रयोगशाळेतून माणसापर्यंत यायला मात्र वेळ लागला. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून आढावे काढते. तिच्या २०१२ च्या आढाव्यात ठोस फायदा दिसला नाही. २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास होते. त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसला, मुलांमध्ये त्याहून जास्त. वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांना, गर्भवतींना आणि ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही त्यांना मात्र फारसा लाभ नाही. या शेवटच्या गटाचं मला तरी नवल वाटत नाही. पकड सुटली, पण वाहून न्यायला धारच नाही, तर जंतू जाणार कुठे?

म्हणूनच कळकळीने सांगतो, संसर्ग झाल्यावर रसाच्या भरवशावर बसू नका. पेशीत शिरून वाढू लागलेल्या जंतूला चिकटण्याची गरजच उरलेली नसते. ताप आला, पाठीत कळ येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.