पेटीतली वीज आणि बोअरची मोटर

(आर्वी तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा वेगळे. मुंबई-पुण्याचे दिवे आपल्या कोळशावर लागतात आणि अवकाळीचं एक वादळ आलं की आपल्या गावाची लाईन मात्र रात्रभर जाते. हे गाऱ्हाणं जुनं आहे, ते उगाळायला मी आलो नाही. लाईन गेल्यावर घरात काय चालवता येईल, हा माझा विषय. त्यासाठी बाजारात आता एक नवी पेटी आली आहे. पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात तिला. आत लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर, सगळं एकाच खोक्यात. वर मूठ, समोर सॉकेट. किंमत मोठ्या पेटीची लाखाच्या घरात जाते, म्हणून घेण्याआधी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

तुमची पोरं मोबाइलवर या पेट्यांचे व्हिडिओ पाहतात. त्यात एक गोरा माणूस सांगतो की ही पेटी हाय व्होल्टेज आहे, २४० व्होल्ट देते, हिच्यावर मोठी उपकरणं चालतात. आपल्याला वाटतं, काहीतरी जबरदस्त चीज आहे. अहो, अमेरिकेत भिंतीतल्या सॉकेटला १२० व्होल्टच असतात. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कात वीज द्यायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास, आणि तो आकडा त्यांच्या गळ्यात पडला तो पडलाच. कपडे वाळवायचं यंत्र, विहिरीची मोटर असलं काही चालवायचं तर त्यांना १२०च्या दोन तारा मिळून २४० करावे लागतात. म्हणून त्यांना त्याचं कौतुक. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरलाही २३० व्होल्टच मिळतात. तेव्हा दुकानदार ‘हाय व्होल्टेज’ म्हणाला तर मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा. उलट कुणा नातेवाइकाने तिकडून १२० व्होल्टची पेटी आणली असेल, तर तिच्यावर आपला फ्रिज लावू नका.

पुढचे प्रश्न दोन. पेटीत युनिट किती मावतात, आणि एका दमात ती किती वॅट देऊ शकते. पेटीवर २,००० वॅट-अवर लिहिलं असेल तर ते झाले दोन युनिट, महावितरणच्या बिलावर येतात तेच युनिट. त्यातलं दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टरच खातो. हाती उरतं पावणेदोनच्या आसपास. गीझर, इंडक्शन चूल, इस्त्री यांचा विचारच सोडा. चालत नाहीत असं नाही, पण दोन हजार वॅटचा गीझर तासाभराच्या आत पेटी रिकामी करतो. पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर यांच्यासाठी जीव टाकायचं कारण नाही, ते कसेही चालतात.

आता मोटर. आपल्या गावात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच: “सर, ह्या डब्यावर बोअरची मोटर चालते का हो?” मी म्हणतो, मोटरची प्लेट वाचून या. मग लोक येऊन सांगतात, १ एचपी. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पेटी आहे दोन हजार वॅटची, मग काहून नाही चालत?

प्लेटवरचे ७४६ वॅट ही मोटरचा दांडा पंपाला देतो ती ताकद आहे. तारेतून ती अकराशे-बाराशे वॅट ओढते, कारण लहान सबमर्सिबल मोटरची कार्यक्षमता बेताचीच. इथवरही दोन हजारात बसतं. पण मोटर थांबलेली असते तेव्हा आतला रोटर फिरत नसतो, आणि त्याला हलवायला पहिल्या क्षणी चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट लागतो. सात-आठ अँपिअरची मोटर त्या क्षणी पस्तीस-चाळीस अँपिअर मागते. महावितरणची लाईन तो देते, म्हणून तर मोटर लावली की घरातला दिवा डोळा मिटतो. पेटीचा इन्व्हर्टर मात्र दोन हजाराचा आणि क्षणभरासाठी चार हजाराचा. तो सरळ बंद पडतो, स्क्रीनवर ओव्हरलोड येतं, आणि लोक म्हणतात पेटी खराब निघाली.

गंमत म्हणजे या कामाला वीज फार लागतच नाही. दीडशे फुटांवरून हजार लिटरची टाकी भरायला अर्ध्या युनिटाच्या आत वीज पुरते. पेटीत ती आहे. अडतं ते फक्त पहिल्या सेकंदाला. त्याला उपाय आहेत. बोअरची मोटर नसून हौदातलं पाणी वर चढवणारा अर्धा एचपीचा टुल्लू पंप असेल तर तो बहुधा सुरू होतो. नाहीतर व्हीएफडी लावायचा. हे यंत्र एका फेजमधून तीन फेज तयार करतं आणि मोटरला शून्यापासून हळूहळू वेग देतं, त्यामुळे तो पहिला हिसका येतच नाही. पण त्याला मोटर थ्री-फेजची लागते, नेहमीच्या कॅपॅसिटरवाल्या सिंगल-फेज मोटरला तो जमत नाही. घरची मोटर जळली आणि नवीच घ्यायची वेळ आली, तर तेव्हा हा विचार करा. चांगली मोटर काढून फेकू नका.

शेतातल्या ५ एचपीच्या पंपासाठी पेटीचं नावही काढू नका. ताशी चार-साडेचार युनिट लागणारं ते काम आहे. तिथे सौर पंप आहे, आणि त्याला बॅटरी नसते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दिवसा ऊन आहे तोवर पाणी काढा, शेततळ्यात किंवा टाकीत साठवा. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त पडतं. घरच्या टाकीलाही हेच लागू आहे. लाईन असते तेव्हा भरून ठेवा, पेटी कशाला हवी?

मग पेटी कशासाठी? माझ्या मते कूलर आणि फ्रिजसाठी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं लेकरू असेल तर कूलर ही चैन राहत नाही. आपला तो लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर पंखा आणि पाण्याचा पंप धरून दोनशे वॅटच्या आसपास घेतो. दोन युनिटांच्या पेटीवर तो आठ तास चालतो. म्हणजे रात्र निघाली. ताट्या वेळेवर बदलल्या तर कमी वेगावरही गारवा येतो आणि पेटी आणखी टिकते. फ्रिज दिवसाला अर्धा ते एक युनिट घेतो. त्याच्या कॉम्प्रेसरलाही सुरू होताना हिसका असतो, पण लहान, आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला तोही नाही.

आणि इथेच आपल्या उन्हाळ्याची अडचण येते, जी त्या व्हिडिओवाल्याला कधी आली नसेल. या पेट्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. जुन्या प्रकारच्या लिथियमपेक्षा ती कमी पेट घेते, हजारो वेळा चार्ज होते, चांगली आहे. पण ती चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश. टिनाच्या छपराखाली दुपारी दोन वाजता खोलीतच तेवढं तापमान होतं. तेव्हा पेटी स्वतःच चार्जिंग बंद करते, आणि करायलाच हवं, नाहीतर बॅटरीचं आयुष्य जातं. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. पेटी माजघरात ठेवा, भिंतीला चिकटवू नका, तिच्या पंख्याला हवा लागते. गारवा मिळावा म्हणून कूलरच्या तोंडासमोरही ठेवू नका. तिथे वाऱ्याबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात. सोलर पॅनेल अंगणात आणि पेटी त्याच्याच सावलीत, असं मी पाहिलं आहे. पॅनेल बाहेर राहू द्या, तार आत घ्या.

कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. पेटीवर लावला म्हणून कूलर निर्धोक होत नाही. घरच्या बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच, पेटीच्या सॉकेटवर लक्ष ठेवत नाही, दोन्ही वेगळे. पाणी भरताना पिन काढूनच भरा, लाईन असो की पेटी.

आता सर्वांत वाईट गोष्ट सांगतो. पेटीवर एकेक उपकरण लावायचा कंटाळा येतो. मग कुणीतरी हुशार माणूस दोन्ही टोकांना पिन असलेली वायर तयार करतो. एक टोक पेटीत, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की अख्ख्या घरात लाईट. जनरेटरवाले हे फार आधीपासून करत आले. पहिली गोष्ट, पेटीत लावलेल्या त्या वायरच्या दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्या असतात आणि त्यात २३० व्होल्ट खेळत असतात. लेकराचा हात लागला की संपलं. दुसरी गोष्ट दिसत नाही. मेन स्विच पाडायचा राहिला तर ही वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि तिथून डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. डीपी ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देते. उलट्या बाजूने वीज घातली तर ती तशीच चढवते. इतक्या घरांचा भार पाहून पेटी बहुतेक वेळा ट्रिप होईलही. पण फ्यूज काढून डीपीवर लाईन वेगळी केलेली असेल, भार थोडा असेल, तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात काय येईल याचा विचार करा. तो आपल्याच गावातला पोरगा असतो. घरभर लाईट हवी असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, लायसन्सवाल्या वायरमनकडून. एका वेळी एकच, लाईन किंवा पेटी.

हाय व्होल्टेजला खरोखर भ्यायचं असेल तर सोलरच्या बाजूने भ्या. समजा पेटीच्या सोलर इनपुटवर १५० व्होल्टची मर्यादा लिहिली आहे. ५४० वॅटचं पॅनेल उन्हात, पण कशालाही न जोडलेलं असताना ४९-५० व्होल्ट दाखवतं. तीन पॅनेल एकामागे एक जोडले की १४८, हिशेबात बसलं असं वाटतं. पण पॅनेलवरचा आकडा २५ अंशांचा असतो आणि थंडीत व्होल्टेज वाढतं. गोंदियाला जानेवारीत सकाळी आठ-नऊ अंश असतात. तिथे तेच तीन पॅनेल १५५पर्यंत जातात आणि पेटीचं इनपुट उडतं. दोनच जोडा. शिवाय डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही, ऊन असताना भाराखालची पिन उपटू नका. दोन पॅनेलवर उन्हाळ्यात दोन युनिटांची पेटी दिवसात आरामात भरते, श्रावणात भरेलच असं नाही.

शेवटी एक प्रश्न आला की जुना इन्व्हर्टर काढून ही पेटी घ्यावी का. लाईन तास-दोन तास जात असेल आणि पंखे-दिवेच चालवायचे असतील तर नाही. शिशाची बॅटरी बिघडली तर अमरावतीत, वर्ध्यात कुणीही पाहतो, मेली तर वजनावर पैसे मिळतात. पेटीचं सर्किट बिघडलं तर तालुक्याला ती उघडणारा माणूस सापडणं कठीण. न वापरता ठेवायची तर अर्धी चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा. पूर्ण रिकामी पडून राहिली तर ती पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. मेलेली पेटी भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोड्याने फोडतो आणि लिथियम पेट घेतं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची आहे. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ही बिलं दोन वर्षांत कोरी होतात.