पिलांच्या आधी जीवाणूंची वस्ती

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात शेततळ्यामध्ये गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजे आपल्या बाजारात सरसकट झिंगा म्हणून विकली जाणारी, वाढवू पाहणारे शेतकरी मला बहुधा खाद्याविषयी आणि भावाविषयी विचारतात. ज्या पहिल्या महिन्यावर पुढचे सारे उभे राहते, त्याविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही, कारण तो महिना हॅचरीत, म्हणजे अंड्यांतून पिल्ले काढून वाढवण्याच्या केंद्रात, आपल्या डोळ्यांआड जातो. आज त्या महिन्याविषयी, आणि त्या काळात पिलांच्या अंगावर, पोटात आणि भोवतालच्या पाण्यात वस्ती करणाऱ्या जीवाणूंविषयी बोलायचे आहे.

ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, परंतु तिची पिल्ले गोड्या पाण्यात तग धरीत नाहीत. अंडी वाहणारी मादी नदीच्या प्रवाहाबरोबर खाडीकडे उतरते ती त्यासाठीच. शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मलेशियात, पिलांना मचूळ पाणी लागते ही गोष्ट ओळखली, तेव्हा कुठे टाकीत पिल्ले जगवणे शक्य झाले. आणि १९७२ पर्यंत हवाई बेटांवर ताकुजी फुजिमुरा यांच्या पथकाने मोठ्या प्रमाणावर बीज, म्हणजे तळ्यात सोडण्याजोगी पिल्ले, तयार करण्याची पद्धत बसवली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, पिलांना १२ ग्रॅमच्या आसपास लागते. अशा मचूळ, कोमट पाण्यात ११ अवस्था ओलांडून, कात टाकत टाकत, सुमारे महिन्याभराने पिल्लू मोठ्या कोळंबीच्या रूपाला येते आणि मग ते गोड्या पाण्यात नेता येते.

जीवाणूंशी त्याची गाठ मात्र जन्माआधीच पडलेली असते. मादी सुमारे तीन आठवडे अंडी पोटाखाली बाळगते, पायांनी त्यांना सतत वारा घालते, साफ करते. तरीही अंड्यांवर जीवाणूंचा पातळ थर असतोच, आणि तो असावा लागतो. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच कुळातील, खाडीत राहणाऱ्या एका कोळंबीची अंडी जीवाणूरहित करण्यात आली, तेव्हा ती बुरशीला लवकर बळी पडली. अंड्यांवर मुळात असलेला एक जीवाणू पुन्हा त्यांच्यावर वसवला, तेव्हा ती वाचली. तो जीवाणू बुरशीला रोखणारे एक रसायन स्वतः तयार करीत होता. जी गोष्ट आपण मळ म्हणून धुऊन टाकतो, तीच अंड्याचे रक्षण करीत असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिला दिवस पिल्लू अंगातल्या बलकावर काढते. तोंडाने खायला लागले की आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्ले त्याला दिली जातात, आणि त्या घासाबरोबर आर्टेमियावरचे जीवाणू त्याच्या पोटात शिरतात. त्यात व्हिब्रिओ जातीचे जीवाणू पुष्कळदा असतात. त्यांतले काही रोगकारक असतात, आणि काहींमुळे तर रात्री पिल्ले चमकताना दिसतात. पाहणाऱ्याला मौज वाटते, हॅचरीवाल्याची झोप उडते.

राहिला प्रश्न पाण्याचा. पिलांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया घातक, नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जीवाणू बायोफिल्टरमधल्या, म्हणजे जीवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणाऱ्या गाळणीतल्या, शिंपल्यांच्या तुकड्यांवर वस्ती करतात आणि फार सावकाश वाढतात. नवा फिल्टर कामाला लागायला चार ते सहा आठवडे सहज जातात. फिल्टर विकत मिळतो, त्यातली वस्ती विकत मिळत नाही.

यावरून एक गोष्ट सांगतो, आणि ती जरा सविस्तरच सांगतो. कऱ्हाडजवळच्या माझ्या ओळखीच्या एका तरुणाने घरामागच्या शेडमध्ये लहानशी हॅचरी उभारली. समुद्राचे पाणी टँकरने कुंभार्ली घाट चढवून आणले, विहिरीचे पाणी मिसळून मिठाचे प्रमाण साधले, टाक्या घासून लख्ख केल्या. पहिल्या खेपेची पिल्ले आठवडाभरात तळाशी बसली. पाणी दिसायला स्वच्छ होते, पण अमोनिया चढलेला होता, कारण फिल्टरमधले शिंपले बाजारातून आणलेले, कोरडे आणि निर्जीव होते. महिनाभर थांबावे, तर दुसऱ्या मादीची अंडी नारिंगीची करडी झालेली. म्हणजे दोन-तीन दिवसांत ती फुटणार होती. शेवटी तो कोकणातल्या एका जुन्या हॅचरीत गेला आणि तिथल्या चालू फिल्टरमधले शिंपले गोणपाटात भरून घेऊन निघाला. मी सोबत होतो.

चिपळूणला आम्ही कऱ्हाडच्या एसटीत चढलो. कंडक्टरने गोण हुंगली आणि म्हणाला, "मासळी गाडीत चालणार नाही." मुलगा म्हणाला, "मासळी नाही साहेब, शिंपले आहेत." "मग रिकामे शिंपले ओले कशाला ठेवलेत?" तेव्हा या सत्यवादी मुलाने त्यांच्यावर जिवंत जीवाणू असल्याचे सांगून टाकले. कंडक्टरने तिकिटाचे यंत्र सरसावले आणि गंभीरपणे विचारले, "किती आहेत?" "कोट्यवधी असतील." सगळी गाडी हसली, कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले आणि विषय मिटवला. (एसटीच्या कंडक्टरांइतके तत्काळ निर्णय घेणारे अधिकारी आपल्या प्रशासनात सर्वत्र असते, तर अनुदानाच्या फायली वर्षानुवर्षे पडून राहिल्या नसत्या, असे माझे जुने मत आहे.)

घाट चढून गाडी कोयनानगरला थांबली. ऊन कडक होते आणि गोण वरून सुकू लागली होती. शेजारच्या बाकावर पाटणला निघालेल्या एक आजी होत्या. त्यांना दया आली. खाली उतरून त्यांनी नळावर तांब्या भरून आणला आणि गोणीवर ओतणार, इतक्यात हा मुलगा ओरडला, "आजी, नको! नळाच्या पाण्यात औषध असतं, मरतील सगळे!" आजी तांब्या धरून तशाच उभ्या. "मरतील? कोण मरतील रं? शिंपलं तर रिकामंच हायती की." मग त्याने त्यांना सगळे समजावून सांगितले: या जीवाणूंना हवा लागते म्हणून प्लास्टिकऐवजी गोणपाट, ओल लागते म्हणून शिंपडणे, आणि शिंपडायचे ते हॅचरीतलेच मचूळ पाणी, जे त्याने कॅनमध्ये बरोबर घेतले होते, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते आणि मीठ एकदम उतरले तरी ते दबतात. आजींनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजी इरजणच की ह्ये. मग इरजण उन्हात ठिवत्यात व्हय? आण हिकडं सावलीला." त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि बाकाखालची सावलीची जागा गोणीला दिली. पाटणला उतरताना कंडक्टरला बजावून गेल्या, "त्येच्यावर कुनाला पानी टाकू दिऊ नगा." मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी जमले नाही.

कऱ्हाडला पोहोचताच शिंपले फिल्टरमध्ये गेले, हवेचे पंप सुरू झाले, आणि वस्ती उपाशी राहू नये म्हणून (अमोनिया हेच तिचे अन्न) अमोनियम क्लोराइडची थोडी मात्राही देण्यात आली. अंडी फुटेपर्यंत अमोनिया उतरू लागला होता. त्या खेपेची पिल्ले सगळी जगली असे नाही, तशी ती कुठेच जगत नाहीत. पण महिन्याभराने टाकीच्या भिंतीवरून पिल्ले चालू लागली, आणि हाच बीज तयार झाल्याचा खरा पुरावा.

थोडक्यात पुन्हा सांगतो: टाकी निर्जंतुक करणे हे अर्धे काम आहे. ब्लिचिंगने सगळे मारल्यावर जी जागा रिकामी होते, ती सर्वांत आधी झपाट्याने वाढणारे जीवाणू पटकावतात, आणि व्हिब्रिओ त्यांपैकीच एक. सावकाश वाढणारी, उपयोगी वस्ती मागे पडते. म्हणून आधी पाण्यात ही उपयोगी वस्ती मुरू द्यावी, मग पिल्ले सोडावीत. प्रतिजैविके ओतल्यानेही हेच घडते. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर तर बंदीच आहे. दुकानातली प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जीवाणूंची, चकचकीत पाकिटे सगळीच खोटी नसतात, पण मुरलेल्या फिल्टरची जागा पाकीट घेत नाही. आपल्याकडे उसाला पाणी देताना हात आखडत नाही आणि इथे पाण्याला वेळ द्यायचा म्हटले की जिवावर येते.

बीज घेताना हॅचरीवाल्याला विचारा: फिल्टर किती दिवस चालू आहे, प्रतिजैविक वापरले का, आणि पिल्ले गोड्या पाण्यावर किती दिवसांत आणली. मीठ घाईने उतरवले असेल, तर पिलांबरोबर त्यांच्या अंगावरची आणि पोटातली वस्तीही विस्कटते. बीज सकाळी लवकर आणा, पिशव्या आधी न सोडता तळ्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळा, आणि पिल्ले आपण होऊन बाहेर येईपर्यंत पिशवी उलटी करू नका.