खटका

(दृश्य : शेंदूरजनाघाट. सकाळची रोपवाटिका, वाफ्यात उकिडवे बसलेले कामगार.)

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्याचं शेंदूरजनाघाट. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. थंडी पडली की इथे जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बांधायचं काम जोरात असतं.

हात पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटाच्या सालीला एक आडवा काप, एक उभा. चाकूच्या पाठीवर एक छोटा उंचवटा आहे, तो सालीखाली घालून साल दोन्ही बाजूंनी सोडवली. ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवला. वरून पन्नीची, म्हणजे प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. लगेच पुढचा खुंट.

(दृश्य : हेच काम संथ गतीत, अगदी जवळून.)

आता तेच सावकाश पाहू. काप घेताना जोर धारेवर येतो. त्या जोरानं पातं उघडायच्या दिशेला ढकललं जातं, म्हणून चाकू उघडाच राहतो. साल उचलताना मात्र चाकू उलटा झाला. आता जोर पात्याच्या पाठीवर आहे आणि तो पातं मिटायच्या दिशेला ढकलतोय. मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत चार बोटं आहेत.

या चाकूला लॉक, म्हणजे उघडं पातं अडवून धरणारा खटका नाही. मुठीत एक पोलादी कमान आहे, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, तेवढाच आधार. चाकूंचे शौकीन याला स्लिपजॉइंट म्हणतात. कमान ताठ असेपर्यंत काम निभतं. पण एका झाडाचा रोग दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून पातं हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवावं लागतं, आणि बुडवायलाच हवं. त्या पाण्यानं पोलाद गंजतं. पात्यावरचा गंज दिसतो, घासून जातो. मुठीच्या आतला गंज कोणी पाहत नाही.

बोट कापलं की टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ऐन हंगामात बुडालेली मजुरी.

(दृश्य : वरूड. सतरंजीवर ओळीनं मांडलेले घडीचे चाकू.)

हे सगळे चाकू वरूड आणि आसपासच्या गावांतले. मालक रविवारी एकत्र जमतात. कोणी बागायतदार, कोणी शिक्षक, कोणी मोटारी रिवाइंड करणारा, कोणी कृषी केंद्रात बसणारा. वेड एकच, आणि प्रत्येकाची कंपनी ठरलेली.

गुरुजींच्या हातात व्हिक्टोरिनॉक्स आहे. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये सुरू केलेला हा कारखाना. त्यांच्या लाल चाकूवर गुरुजींची श्रद्धा आहे, दुसरा चाकू ते खिशात ठेवत नाहीत. पण खिशातल्या 91 मिलिमीटरच्या या चाकूचं मोठं पातं लॉक होत नाही. त्याच कंपनीच्या 111 मिलिमीटरच्या चाकूंना लॉक असतं.

बाजूला लाकडी मुठीचा ओपिनेल. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये तो घडवला. मुठीच्या तोंडाशी फिरणारं पोलादी कडं पाहा. फिरवलं की त्याची फट पात्यासमोरून सरकते आणि पातं मिटूच शकत नाही. हे कडं आलं 1955 मध्ये. पण ओपिनेलचे क्रमांक 2 ते 5 हे छोटे चाकू कड्याशिवायच येतात. कंपनीवर जीव असायला हरकत नाही. लॉक मात्र त्या-त्या चाकूत आहे की नाही, असेल तर कोणत्या अवस्थेत आहे, हे हातात घेऊनच कळतं. या सतरंजीवर आम्ही तेच पाहायला बसलो होतो.

(दृश्य : वजनदार, पितळी टोकांचा चाकू. खट्ट आवाज.)

हा बक कंपनीचा 110, 1964 सालचा आराखडा. मुठीच्या पाठीला एक दांडी आहे, तिचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. याला लॉकबॅक म्हणतात. खाचेच्या आत कॅमेरा नेलाय. हा पांढरा बोळा कापसाचा आहे. चाकूचा मालक संत्र्यासोबत कापूसही पेरतो, वेचणीच्या दिवसांत खिशात सरकी-रुई असतेच. ती खाचेत साचते, दात पूर्ण बसत नाही. कानाला खट्ट ऐकू येतं, आणि खटका अर्धाच लागलेला असतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: टाचणीनं खाच कोरायची, सांध्यात तेलाचा एक थेंब.

हा दुसरा प्रकार लायनर लॉक. अमेरिकेच्या मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. मुठीच्या आतल्या पत्र्यालाच वाक दिलाय. पातं उघडलं की पत्रा आत येऊन बुडाखाली टेकतो. तो किती आत आलाय ते पाहा. नव्या चाकूत तो बुडाच्या अलीकडच्या बाजूला टेकतो. वापरानं झिजत-झिजत पलीकडे सरकतो. पार पलीकडच्या पत्र्याला भिडला, की त्या लॉकचे दिवस भरले. क्रिस रीव्ह यांनी आतल्या पत्र्याऐवजी मुठीची जाड बाजूच या कामाला लावली, तो फ्रेम लॉक.

आणि हा बेंचमेड कंपनीचा ॲक्सिस लॉक, 1998 चा. बुडावर एक आडवी पोलादी कांडी येऊन बसते, दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक कमानी तिला ओढून धरतात. एखादी तुटली तरी दुसरी तग धरते. मिटताना बोट पात्याच्या वाटेत न्यावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही ही रचना उचलली.

(दृश्य : एकसारखे दिसणारे दोन चाकू.)

शिक्का तोच, डबा तोच, पात्यावरची अक्षरंही तीच. दोन्ही ऑनलाइन मागवलेले. आता परीक्षा. बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर, मूठ पक्की धरायची आणि तळहातानं पात्याच्या पाठीवर हळूहळू जोर वाढवायचा. पहिला टिकला. दुसऱ्याचा पत्रा घसरला, पातं मिटलं. तो नकली निघाला. नावावर आंधळेपणानं जीव टाकणाराच नकलेचं पहिलं गिऱ्हाईक असतो. (काही जण पाठ टेबलावर आपटून पाहतात. त्या हिसक्यानं चांगलं लॉकही क्षणभर उडू शकतं आणि झिजतंही. तळहाताचा संथ जोर बरा.)

कायद्याचं थोडक्यात: शेती, घरगुती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची साधनं वगळता 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला शस्त्र परवाना लागू शकतो.

(दृश्य : लोहाराची भट्टी. निखारे, पंखा, घण.)

हा ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा. यातूनच कलमाच्या चाकूचं पातं निघणार आणि कमानही. पोलाद एक, पण दोघांना पाणी वेगळं द्यावं लागतं. लाल तापवून तेलात बुडवलं की पोलाद कडक होतं, इतकं की खाली पडलं तर तुटेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. पृष्ठभागावर रंग चढताना पाहा. आधी फिकट पिवळा. पातं इथेच थांबवलं, कारण धार टिकायला कडकपणा हवा. कमान आचेवरच आहे. पिवळ्याचा तांबूस, तांबूसाचा जांभळा, आणि हा निळा. साधारण 300 अंश. आता ती वाकेल आणि परत सरळ होईल. हा निळा रंग ओळखणारा डोळा तयार व्हायला वर्षं लागतात, आणि भट्टीपाशी शिकायला बसलेलं दुसरं कोणी आम्हाला दिसलं नाही.

त्या रविवारच्या मंडळींनी लोहारदादांना ओपिनेलचं कडं दाखवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, दोनदा फिरवलं आणि पाइपाचा तुकडा शोधायला उठले.

(दृश्य : पाइपाचा तुकडा कापला जातो. कानशीनं उभी फट. कडं मुठीवर बसतं.)

मूठ बाभळीची. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर पातं आत अडकेल, म्हणून खाच किंचित सैल ठेवली आणि मूठ जवसाच्या तेलात मुरत घातली. कडं आधी जास्त सैल झालं, ते ठोकून आवळलं. पुन्हा सैल झालं. पुन्हा आवळलं. आता पाठीवर तळहाताचा जोर. पातं जागचं हललं नाही.

(दृश्य : पुन्हा रोपवाटिका. म्हातारे कलम बांधणारे काका, हातात जुना चाकू.)

हा कड्याचा चाकू आम्ही काकांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत केला.

"मले माहाच बरा. याले मांगून पितळीची जीभ हाय. साल तिनंच उचलतो मी. पात्याच्या पाठीवर जोर येतच नाई, मंग मिटंन कायले?"

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्यांच्या चाकूत साल उचलायची जीभ मुठीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी आहे. लॉक नाही, पण लॉकची गरज पडेल असं कामही त्या पात्याकडून ते करून घेत नाहीत. त्यांच्या शेजारी बसलेल्या पोराच्या चाकूत मात्र जीभ, म्हणजे तो सुरुवातीचा उंचवटा, पात्याच्या पाठीवरच आहे, आणि लॉक नाही.

रोपवाटिकाचालकांनी या थंडीत चाकू घेताना दोनातलं एक बघून घ्यावं: पातं अडवणारं लॉक, नाहीतर मुठीला वेगळी जीभ. दोन्ही नसलेला चाकू, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, कामगाराच्या हातात देऊ नये. आणि रोज संध्याकाळी हायपोक्लोराइटचं पाणी पुसून सांध्यात तेल सोडायची जबाबदारी कोणाची, तेही हंगाम सुरू होण्याआधी ठरवावं.