गुडघ्याचं ऑपरेशन: घाई कसली?

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "गादी पार झिजलीय, गुडघा बदलून टाका." त्या फिल्मचा धसकाच मोठा असतो. पण फिल्ममधली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. हाडाला हाड टेकलेली काही माणसं जिने चढतात, तर किरकोळ झीज असलेली काही रात्रभर तळमळतात. म्हणून आधी रोजचं जगणं तपासा. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात का? कूस बदलली की ठणक्यानं जाग येते का? दुखेल म्हणून कुठे कुठे जायचंच सोडलंत?

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2015 साली आले. सांधाबदल करण्याजोगे 100 रुग्ण. निम्म्यांचं ऑपरेशन करून नंतर, आणि उरलेल्यांना ऑपरेशनशिवायच, 12 आठवडे व्यायाम, आहार आणि औषधं दिली. वर्षभरानं ऑपरेशनवाले स्पष्टपणे सरस ठरले. म्हणजे ऑपरेशन कामाचं आहे, यात वाद नाही. पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही. माझा कल म्हणूनच आधी व्यायामाकडे. आणि व्यायाम म्हणजे नुसतं चालणं नव्हे, बरं का! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचा स्नायू ताठ झाला की पाच आकडे मोजून सोडायचं. दिसायला क्षुल्लक, पण नेटानं करणारे थोडेच.

"दुर्बिणीतून साफ करून घेऊ" हा सल्ला मात्र झिजेच्या दुखण्यात मला पटत नाही. 2002 सालच्या एका अमेरिकन चाचणीत काही रुग्णांना फक्त कातडीवर छेद दिले, आत काहीच केलं नाही. त्यांनाही साफसफाई केलेल्यांइतकाच आराम पडला.

पूर्ण सांधा बदलला तर तो बहुतेकांना वीसेक वर्षं सहज साथ देतो. तरी साधारण पाचातला एक जण नंतरही समाधानी नसतो, आणि गुडघे टेकून बसणं अनेकांना जमत नाही. पन्नाशीत केलं तर पुढे तोच सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त. तेव्हा "सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?" हे सर्जनला सरळ विचारा. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीखही सांगा. ते घेऊन तीन महिने झाले नसतील तर जंतुसंसर्गाच्या भीतीनं ऑपरेशन पुढे ढकलतात.